सात दुरुस्त्या, बाकी ठीक

४ नोव्हेंबर

प्रिय रेडिओ,

"स्वल्पविराम." मग अर्धा श्वास. "पूर्णविराम. नवा परिच्छेद."

आज सकाळी दाढी करताना हा आवाज मला इतका स्वच्छ ऐकू आला की वस्तरा गालावर तसाच राहिला. तुझा आवाज. आत्ताचा नव्हे, तिशीतला. त्याच्यामागे मशीनची धडधड होती आणि त्या धडधडीने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात उठणारी गोल गोल वळी होती. आता आवाजाबरोबर पेला कसा काय दिसला, विचारू नकोस. म्हातारपणी कान आणि डोळे एकमेकांची कामं करायला लागतात.

छापखान्यातली आपली ती मशीनच्या मागची खोली आठवते? खोली कसली, कपाटच. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, मधे लोंबणारा एक दिवा. लेखकाची मूळ प्रत तुझ्या हातात, छापून आलेलं प्रूफ माझ्या हातात. तू एकेक शब्द मोठ्याने वाचायचास, सगळ्या चिन्हांसकट, आणि मी लाल पेन घेऊन "हं" म्हणायचो. एवढंच. एकतीस वर्षं तू वाचलंस आणि मी हं म्हटलं. म्हणून तू रेडिओ आणि मी हुंकार. बाहेर मशीनवर बसणारा तो इंजिन, त्यानेच ठेवली ही नावं. स्वतः दिवसभर कोळशाच्या गाडीसारखा फुसफुसायचा आणि दुसऱ्यांना नावं ठेवायचा.

पत्राला कारण लागतं, म्हणून देतो. माळ्यावरचा खोका काढला होता. त्यात तिसरीचं पाठ्यपुस्तक सापडलं, आपण तपासलेलं. चिमणीची कविता आहे त्यात:

चिमणे, तुझ्या गावाला ग वाट कोणती जाते?
पानांमधला वारा म्हणे, तिलाच ठाऊक असते.

ही कविता तपासताना मी तुला चार वेळा "पुन्हा एकदा" म्हटलं होतं. तू वैतागून म्हणालास, "अरे, दहा ओळींत एवढं काय चुकलंय?" काही चुकलं नव्हतं. इतक्या वर्षांनी सांगतो, नुसती ऐकायची होती. घरी जाऊन मी ती तुझ्या आवाजात मनातल्या मनात म्हणायचो, 'स्वल्पविराम'सकट.

बाकी माझं बरं चाललंय. मुलगी रविवारी व्हिडिओवर दिसते. "बाबा, फोन खाली धरा, नुसतं कपाळ दिसतंय," म्हणते. फोन खाली धरेपर्यंत तिची निघायची वेळ झालेली असते.

त्या गोष्टीबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. उत्तर पाठव. एका ओळीचं चालेल.

तुझा
हुंकार

१२ नोव्हेंबर

प्रिय रेडिओ,

आठ दिवस झाले. तुझं घर माझ्यापासून बसने चार थांबे. टपालाला एवढा वेळ लागत नाही, हे मला कळतं. तू अजून चिडलेला आहेस.

तर मग लिहितोच.

तू सोडून गेल्यापासून छापखान्यातल्या निवृत्तांचा आपला तो फोनवरचा 'जुने खिळे' गट तसाच चालू आहे. त्रेपन्न माणसं होती, आता बावन्न. सकाळी आठच्या आत इंजिनाचे वीस विनोद येऊन पडलेले असतात. मग फुलं, मग सूर्योदय, मग कोणाच्या तरी नातवाचं बक्षीस. मी रोज सगळं वाचतो. चुकाही काढतो, मनातल्या मनात. आता पाठवत नाही.

वहिनी गेल्या त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी तू गटावर आठ ओळी टाकल्यास. तू कधी कविता लिहिली नव्हतीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाचल्यास. एका बोटाने टाइप केलेलं कळत होतं, शब्द एकमेकांवर चढले होते, दोन ओळी तर आडव्या जोडल्या गेल्या होत्या. मी ते वाचलं आणि माझा हात लाल पेनाकडे गेला. खरं सांगतो, मी विचारही केला नाही. कागदावर त्या आठ ओळी उतरवून घेतल्या, समासात खुणा केल्या, फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं: "सात दुरुस्त्या. बाकी ठीक."

प्रत्येक सोळा पानी फर्म्याच्या शेवटी मी हेच म्हणायचो की नाही? अमुक दुरुस्त्या, बाकी ठीक. त्यावर तू म्हणायचास, "मग मालकांना सांग, मी घरी चाललो." आणि आपण हसायचो. मला वाटलं, तू तेच म्हणशील.

इंजिनाने पहिला हसरा चेहरा टाकला, डोळ्यांतून पाणी येणारा. मग आणखी चौदा जणांनी. कोणीतरी लिहिलं, "हुंकार सुधारणार नाही." आणि त्याखाली एक राखाडी ओळ आली की तू गट सोडलास.

आता तूच सांग, यात माझा काय गुन्हा? तेच आपण टेबलावर बसून केलं असतं तर? तू कागद सरकवला असतास, मी खुणा केल्या असत्या, तुझ्या डोळ्यांकडे पाहिलं असतं, आणि तिसऱ्या खुणेपाशीच पेन खाली ठेवलं असतं. तुझे डोळे दिसले नाहीत, हा फोनचा दोष. माझा नव्हे.

असं मी नऊ महिने स्वतःला सांगतोय.

हुंकार

२१ नोव्हेंबर

प्रिय रेडिओ,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि परत काढून घ्यावंसं वाटलं. पेटीच्या तोंडात हातही घालून पाहिला. एक बाई थांबून बघायला लागल्या, म्हणून निघून आलो.

फोनचा दोष, असं लिहिलं मी. तू हे वाचलं असशील तर हसला असशील. कारण एक गोष्ट मी लिहिलीच नाही, आणि ती तुला माहीत आहे.

वहिनी गेल्या तेव्हा मी आलो नाही.

बातमी गटावर आली, सकाळी सव्वासातला. मी दोन जोडलेले हात टाकले. माझ्या वर सहा जणांचे होते, खाली चाळीस. ते हात टाकले आणि मला, काय सांगू, भेटून आल्यासारखं वाटलं. एक काम झालं. मी उठून झाडांना पाणी घातलं. उद्या जाऊ म्हटलं. उद्या गुडघा दुखत होता. परवा वाटलं, आता घरात पाहुणे असतील. मग तुझ्या आठ ओळी आल्या आणि मी त्या तपासल्या.

ज्या बाईने एकतीस वर्षं तुझ्या डब्यात दोन चमचे ठेवले, एक तुझ्यासाठी आणि एक माझ्यासाठी, तिच्या जाण्याला मी अंगठ्याने दोन हात पाठवले. त्या म्हणायच्या, आठवतं? "हे दोघं दिवसभर त्या खोलीत बोलतात आणि घरी आले की तोंडाला कुलूप. निम्मं तरी आमच्यासाठी शिल्लक ठेवा हो." मी त्यांना कसं सांगणार की बोलायचास तू एकटाच?

आणि माझी बायको गेली तेव्हा? तू महिनाभर रोज संध्याकाळी आलास. वर्तमानपत्र उघडलंस आणि पहिल्या पानापासून वाचत सुटलास, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण. भाजीचे भाव वाचलेस, बुडालेल्या बोटीची बातमी वाचलीस. चौथ्या का पाचव्या दिवशी माझ्या तोंडून "हं" निघाला. तू मान वर न करता म्हणालास, "आला का? बरं. नवा परिच्छेद."

हे सगळं माहीत असूनही मी आलो नाही.

आणखी एक आहे. तेही लिहून टाकतो. जूनमध्ये मी तुझ्या घराशी आलो होतो. फाटकापर्यंत. दुपारची वेळ होती. तिसऱ्या मजल्यावर तुझ्या खिडकीत पडदा हलत होता. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या तर चोपन्न असतील, त्या मला चढवल्या नसत्या असं नाही. पण मी फाटकाच्या भिंतीला टेकून फोन काढला आणि लिहिलं, "कसा आहेस?" एक खूण उमटली. दुसरी उमटेना. पंधरा मिनिटं उभा राहिलो. रखवालदार म्हणाला, "काका, कोणाकडे?" मी म्हटलं, "कोणाकडे नाही, रेंज बघतोय." आणि परत आलो. बसमध्ये तुझ्यावर चिडलो. एवढा मोठा झालास का, की माझा निरोपही घ्यायचा नाही?

आता चिडलेलो नाही. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस, एवढंच मला हवं आहे. दुसरं काही नको. शिव्या दिल्यास तरी चालतील. फक्त मोठ्याने दे.

तुझा
हुंकार

२ डिसेंबर

प्रिय रेडिओ,

काल औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही हुंकारकाका ना?"

तुझी सून. लग्नात पाहिली होती, त्यानंतर दोनदा. मी ओळखली नसती.

"तुमची पत्रं येतात," ती म्हणाली. "तिन्ही आली."

"त्याने वाचली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पाहतात. "काका, तुम्हाला माहीत नाही?"

मग ती त्या रांगेतच सांगत गेली, आणि मी ऐकत गेलो. एप्रिलमध्ये तुला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. मान हलते, डावा हात चालतो, डोळे चालतात. पण शब्द येत नाही. आठ महिने झाले.

"आम्हाला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं. किती मूर्खासारखं वाक्य. कोण सांगणार होतं? तू गटात नव्हतास. गटात नसलेल्या माणसाला काही होत नाही, असंच आम्ही बावन्न जण धरून चाललो होतो.

"त्यांचा फोन तेव्हापासून खणात आहे," ती म्हणाली. "बंद. एका हाताने धरता येत नाही त्यांना, आणि... बघतही नाहीत त्याच्याकडे."

माझा जूनचा निरोप त्या खणात पडला आहे तर. आणि मी बसमध्ये तुझ्यावर चिडत होतो.

मी विचारलं, "मग पत्रं?"

"मी वाचून दाखवते. दुपारी, जेवणानंतर. पण काका, मला काही तुमच्यासारखं येत नाही. मी वाचायला लागले की ते डावा हात वर करतात. थांबले की खाली. पुन्हा वाचलं की पुन्हा वर. मला वाटतं नको आहे, तर पत्र ठेवून दिलं की रागावतात. काय चुकतंय माझं?"

मी तिथेच हसलो, रेडिओ. रांगेतली माणसं बघायला लागली. सूनबाई, आता हे पत्र तूच वाचत असशील, तर ऐक: तू नुसते शब्द वाचतेस. त्यांना चिन्हं हवी आहेत. स्वल्पविराम आला की स्वल्पविराम म्हण. प्रश्नचिन्ह आलं की प्रश्नचिन्ह म्हण. वेड्यासारखं वाटेल, वाटू दे. आमच्या त्या खोलीत तसंच वाचायचे.

मग मी तिला ते विचारलं जे विचारायला मला भीती वाटत होती. "फाटकाचं पत्र वाचलंस?"

"वाचलं."

"काय झालं?"

"त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. दिवसभर डाव्या हातात धरून बसले. झोपताना सोडवून घेतलं मी."

"रागावलाय का गं तो?"

तिचा नंबर आला होता. दुकानदार "बोला ताई" म्हणत होता. तिने चिठ्ठी पुढे केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय माहीत, काका. त्यांना विचारा. येऊन विचारा."

मी म्हटलं, येतो. उद्याच येतो.

आज उद्या आहे. आणि मी पत्र लिहीत बसलो आहे.

हुंकार

९ डिसेंबर

प्रिय रेडिओ,

आठवडा गेला. मी आलो नाही.

खोटं कारण देत नाही. गुडघा बरा आहे. परवा बसथांब्यापर्यंत गेलो होतो. बस आली, दार उघडलं, चालक म्हणाला, "चढा आजोबा." मी म्हटलं, "नाही, दुसरी हवी." दुसरी कुठली? तिकडे एकच बस जाते.

थांब्यावरच्या लाकडी बाकावर बसून मी नीट विचार केला, आणि जे सापडलं ते तुला सांगायला हवं. इतके दिवस मी म्हणत होतो, या फोनने माणसं माणसांशी बोलेनाशी झाली. गटावर तर रोज कोणी ना कोणी असं लिहितं आणि त्याला पन्नास अंगठे मिळतात. असेलही खरं. पण माझ्यापुरतं बोलायचं तर फोनने माझ्याकडून काही हिसकावून घेतलं नाही. मला बोलता येतच नव्हतं. एकतीस वर्षं तू बोललास आणि मी हं म्हटलं, त्यालाच मी आपल्या गप्पा म्हणत आलो. घरीही तसंच. बायको बोलायची, मुलगी बोलायची, मी हं. मग हातात फोन आला आणि मला वाटलं, चला, आता तेवढंही नको. अंगठा पुरे. माझ्यासारख्या माणसाला ते यंत्र सासरी गेलेल्या लेकीला माहेर मिळावं तसं मिळालं.

आता तू बोलू शकत नाहीस. म्हणजे मी आलो तर मलाच बोलावं लागेल. तुझ्यासमोर बसून, तुझ्या डोळ्यांत बघून. समोरून आवाज येणार नाही आणि मला हं म्हणायला काही उरणार नाही. मला त्याची भीती वाटते, रेडिओ. तुझ्या रागाची नाही. तू मान फिरवलीस तर मी समजेन. पण तू मान फिरवली नाहीस, नुसता वाट बघत राहिलास, आणि माझ्या तोंडून काहीच निघालं नाही, तर? पत्रात मी शूर आहे. पत्रातलं पुसता येतं.

काल मी एक काम केलं. बरं केलं की वाईट, तूच ठरव. गटावर तुझ्याबद्दल लिहिलं. आपला रेडिओ एप्रिलपासून आजारी आहे, वाचा गेली आहे, घरीच आहे. पत्ता लिहिला, मजला लिहिला, बसचा क्रमांक लिहिला. खाली लिहिलं, आपल्यापैकी कोणीही आठ महिने गेलेलं नाही. मीही नाही.

सव्वीस जोडलेले हात. नऊ फुलांचे गुच्छ, त्यात इंजिनाचा एक. "लवकर बरे व्हा" अकरा वेळा, एकाच नमुन्याचं. कोणीतरी दिव्याचं चित्र टाकलं. मी संध्याकाळपर्यंत बघत होतो. मजला कितवा, लिफ्ट आहे का, दुपारी झोपतो का, असं एकाने तरी विचारावं असं वाटत होतं. जेवणवेळेपर्यंत सूर्यास्ताचे फोटो सुरू झाले. मी त्यांना नावं ठेवणार होतो. मग आठवलं की माझे स्वतःचे जोडलेले हात फेब्रुवारीत त्याच गटावर सातवे होते.

तेव्हा हे पत्र कशासाठी, तर तुला सांगायला की मला...

बेल वाजते आहे. माझ्याकडे या वेळी कोणी येत नाही. थांब, बघून येतो.

रेडिओ, उभ्याउभ्याच लिहितो, अक्षर वाईट येईल. दारात इंजिन उभा आहे. आपला इंजिन. वीस-बावीस वर्षांत माझ्या दाराशी आला नव्हता. दोन बसा बदलून आलाय, कठड्याला धरून धापा टाकतोय, नवा सदरा घातलाय, त्याची कॉलर मानेला टोचतेय. मी म्हटलं, आत ये, बस. येईना.

म्हणाला, "त्या दिवशी पहिला मीच हसलो होतो." मी म्हटलं, "माहीत आहे." म्हणाला, "सकाळी त्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. मला एकट्याला नाही रे जमत. त्याच्यासमोर काय बोलू?" आणि दुसऱ्यांना नावं ठेवणारा हा माणूस माझ्या उंबऱ्यावर कॉलर ओढत राहिला.

मी म्हटलं, मलाही नाही जमत. म्हटलं, जरा थांब, एवढं पत्र पुरं करतो.

"पत्र कसलं पुरं करतोस," तो म्हणतोय, "चपला घाल."